तीन साखळ्या

माझ्या खणात अजून सतरा बिल्ले आहेत,
पिवळे, प्लॅस्टिकचे, कोटाच्या बटणाएवढे.
एक बिल्ला, एक चहा.
पगाराच्या दिवशी याकूपकडून शंभर घेऊन ठेवायचे,
महिनाभर पेल्यागणिक एकेक परत करायचा.

त्राब्झोनच्या बंदरावरची आमची चार मजली इमारत:
तळाला दोरखंडवाला,
पहिल्यावर हिक्मेत शिंपी, दुसऱ्यावर वकील,
तिसऱ्यावर मी, लोकांचे हिशेब लिहीत.
आणि जिन्याखाली, झाडू कसाबसा मावेल अशा जागेत
याकूपची किटलीवर किटली,
खालची उकळती, वरची मुरती.

भिंतीवर एक बटण होतं.
दाबलं की खालून खरखर यायची, आणि
मी तोंड उघडायच्या आत याकूपच म्हणायचा,
"दोन. एकात साखर नको."
पाहुणा आलाय हे त्याला
माझ्या बोटावरून कळायचं.

चहा सशाच्या रक्तासारखा हवा, असं आम्ही म्हणतो.
ससा कुणी कापून पाहिलेला नाही.
पेला खिडकीशी धरायचा, एवढंच.

मग दोरखंडवाल्याने गाळा विकला.
दोन महिने काचांवर तपकिरी कागद.
दारवान म्हणाला, "कॉफीची साखळी येतेय,
अंकारात म्हणे दर चौकात आहे."
याकूपने हातातलं तबक उंच धरलं,
"साखळ्या माझ्याकडेही आहेत. मोजून तीन."

त्या तीन साखळ्यांना टांगलेलं तबक
झुलत झुलत चार मजले चढायचं,
नऊ पेले, बशीत थेंब नाही.

वकिलाकडची नवी मुलगी, इल्कनूर,
सकाळी झाकणाचा कागदी पेला घेऊन यायची.
तो पेला तिच्या टेबलावर
संध्याकाळपर्यंत मुक्कामाला.
आमचा चहा चार घोटांत संपतो,
संपतो म्हणूनच पुन्हा येतो,
येतो तेव्हा बातमी घेऊन येतो:
कुणाच्या गाळ्याचं भाडं थकलंय,
कुणाच्या सुनेला दिवस गेलेत.
कागदी पेला काहीच सांगत नाही.
त्याच्यावर फक्त तिचं नाव, तेही चुकीचं.

मी एकदा चिडून बोललो तसं.
याकूप पेले विसळत होता.
"माझा आजा चहाला शिव्या घालायचा," तो म्हणाला.
"त्याच्याकडे पितळी जातं होतं, कॉफीचं.
येमेन हातचं गेलं, कॉफी परवडेना,
मग डोंगर उतरून हा पाला आला.
आजा म्हणायचा, पाल्याचं पाणी पिणाऱ्यांना
बूड टेकायला वेळ नसतो.
आता बघ. काचेमागे म्हातारा जिंकून बसलाय,
वर साय आणि साखरेचा पाक घेऊन."
आणि हसला. मला हसू आलं नाही.

मार्चमध्ये त्याने किटल्या उतरवल्या.
गुडघे, म्हणाला.
गुडघेच असतील. कुणी वाद घातला नाही.
गावाकडे त्याचा जावई चहाची झुडपं उपटून
किवी लावतोय, असं शेवटचं कळलं.
बिल्ल्यांचे पैसे परत देत होता,
मी म्हटलं, राहू दे, येशीलच की.

काल खाली गेलो. पाऊस नव्हता, कामही नव्हतं,
उगाच.
दाढी कोरलेल्या पोराने पेन उघडून विचारलं, "नाव?"
माझं नाव इसमाईल. इसमाईल सांगायला काय जात होतं?
मी म्हणालो, "याकूप."

कॉफी बरी होती. खोटं कशाला बोलू.
पण त्याआधी पोराने हाक मारली,
"याकूप!"
काचेचं दार उघडंच होतं,
हाक जिन्यात शिरली, वर गेली,
कुठेतरी खुर्ची सरकली.
पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून
गळ्यात टेप अडकवलेला, अर्धा बहिरा हिक्मेत वाकला
आणि ओरडला,
"दोन! एकात साखर नको!"